पद्मिनीची मागची खट्-खट् : पाट्यांचे बुश बदलताना

क्लच सोडला की मागून एक 'खट्', रिव्हर्सला निघताना पुन्हा एक 'खट्', आणि गतिरोधकावरून उतरताना डिकीत कोणी हातोडा टाकून ठेवल्यासारखा आवाज. वळणावर स्टिअरिंग सरळ केल्यावरही गाडीचा मागचा भाग क्षणभर आपल्याच मनाने वळत राहतो. पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० अशी वागू लागली की बरेच जण आधी शॉकअप बदलतात. पैसे जातात, आवाज राहतो. दोष बहुतेक वेळा पाट्यांच्या, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगच्या, टोकांना असलेल्या रबराच्या बुशांत असतो.

या गाडीची मागची रचना साधी आहे. अख्खी अॅक्सल दोन बाजूंच्या पाट्यांवर यू-बोल्टने आवळलेली असते. पाट्याचे पुढचे टोक, म्हणजे पुढचा डोळा, बॉडीच्या हँगरमध्ये (पाटा धरणाऱ्या कंसात) एका बोल्टवर फिरतो. मागचे टोक शॅकलवर, म्हणजे हलत्या जोडकडीवर, झुलते, कारण पाटा दबला की सरळ होतो आणि लांबतो. त्या लांबीला जागा शॅकल देते. अॅक्सलला पुढे-मागे धरणारे दुसरे काहीही इथे नाही. इंजिनाचा जोर, ब्रेकचा झटका आणि वळणाचा ताण हे सगळे त्या पुढच्या डोळ्यातल्या रबरातून बॉडीत जाते. म्हणून पुढचा बुश गेला की गाडी 'मागून स्टिअरिंग' करते. शॅकलचे बुश गेले की आवाज जास्त, धोका त्यामानाने कमी. जुन्या अँबॅसिडरची मागची बाजूही याच तत्त्वाची आहे. फरक असा की तिचे मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डमध्ये, त्यामुळे तिला इंची पाने लागतात. फियाट इटलीची, तिला मिलिमीटरचे.

आधी खात्री

चाके जमिनीवर असताना, पिटात किंवा रॅम्पवर, एक लांब पहार हँगर आणि डोळा यांच्यामध्ये घालून हलकेच रेटा. चांगला बुश किंचित दबून परत येतो. गेलेला बुश 'टक्' करून सरकतो आणि त्याची आतली नळी (बुश म्हणजे बाहेर एक नळी, आत एक आणि मध्ये रबर) एका बाजूला बसलेली दिसते. बोल्टच्या डोक्याभोवती विटकरी रंगाची भुकटी दिसली तर समजा, आतली नळी आवळलेली नसून बोल्टवर घासत फिरते आहे. तिथे बुशाबरोबर बोल्टही गेलेला असणार. मदतनिसाला हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगितला की डोळा हँगरमध्ये सरकताना कधी कधी दिसतो. हे पाहताना गाडीच्या खाली राहू नका, बाजूने पाहा, आणि पुढच्या चाकांना अडणी लावा.

तसाच 'खट्' प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागच्या अॅक्सलला नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसमधून, सैल यू-बोल्टमधून आणि शॉकअपच्या रबरांतूनही येतो. शाफ्ट हाताने पिळून बघा, यू-बोल्टच्या नटांना पाना लावून बघा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि कधी कधी तेवढ्यावर भागते.

आता हँगर. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. हँगर बॉडीच्या पत्र्यालाच जोडलेले आहेत. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राच्या बाजूला वाढलेल्या गाडीत याच जागी गंज धरतो, कारण चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथे साचतो. जुन्या स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेले तर बुशाचे काम तिथेच थांबवा. आधी पत्रा कापून नवा जोडायचा, मग बुश. कुजक्या हँगरमध्ये नवे बुश घालणे म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला नवी कडी.

सुरू करण्यापूर्वी सपाट जमिनीवर दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. दोन्ही बाजूंत १० ते १५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पाटाच बसलेला, म्हणजे कमान जाऊन चपटा झालेला आहे. तो उतरवलाच आहे तर त्याच फेरीत पाटेवाल्याकडून कमान द्यायला हवी. टॅक्सीतून आलेल्या गाडीत पाट्याची पाने (एकावर एक रचलेल्या पट्ट्या) मोजा. डिकीतल्या सीएनजीच्या सिलिंडरसाठी वाढीव पान घातलेले असू शकते. सिलिंडर काढून पान तसेच ठेवले असेल तर मागची बाजू उंच आणि कडक राहते, आणि नवे बुशही लवकर जातात.

काय आणायचे

दोन्ही बाजू एकदमच करा. एका बाजूला नवे रबर आणि दुसऱ्या बाजूला जुने असले की अॅक्सल तिरकी चालते. लागणारे सामान असे: पुढच्या डोळ्यांचे सायलेंट ब्लॉक (दोन नळ्यांमध्ये रबर असलेले बुश) २, शॅकलच्या जोडण्या दोन तुकड्यांच्या रबराच्या असतील तर प्रत्येक बाजूला पाट्याच्या डोळ्यात २ आणि बॉडीत २, म्हणजे एकूण ८ तुकडे, पुढच्या डोळ्याचे बोल्ट २, ग्रेड ८.८, नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट सगळे नवे, यू-बोल्ट ४ नटांसह, शॉकअपची रबरे. शॅकलच्या पिनांवर नखाने जाणवेल इतकी खाच असेल तर शॅकलही नवे घ्या. झिजलेल्या पिनेवर नवे रबर सहा महिनेही टिकत नाही.

दुकानात फक्त गाडीचे नाव सांगून बुश घेऊ नका. या गाडीचे सुटे भाग इतक्या वर्षांत इतक्या हातांनी बनवले आहेत की एकाच नावाच्या पुड्यांतून वेगवेगळ्या मापांचे नग निघतात. पुण्यात नाना पेठ असो की मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, जुना नग आणि व्हर्नियर घेऊन जा. तीन मापे बघायची. पहिले बाहेरच्या नळीचा व्यास: तो डोळ्याच्या आतल्या व्यासापेक्षा साधारण ०.१ ते ०.३ मिमीने जास्त हवा, नाहीतर बुश डोळ्यात फिरेल. दुसरे आतल्या नळीचे भोक: बोल्ट त्यात हाताने सरकावा, पण खुळखुळू नये. तिसरे, जे सगळे विसरतात, ते आतल्या नळीची लांबी. ती बाहेरच्या नळीपेक्षा दोन्ही बाजूंना १-२ मिमी पुढे आलेली हवी. बोल्ट आवळल्यावर हँगरचे दोन कान या आतल्या नळीलाच चिमटीत धरतात. नळी आखूड असेल तर कान बाहेरच्या नळीला आणि पाट्याला घासतात, नळी मोकळी फिरते, आणि वर्षभरात हँगरचे भोक अंडाकृती होते. मग बुशाचा खर्च सोडाच, वेल्डिंगचा येतो.

रबर कसे ओळखायचे? नख दाबून सोडल्यावर खूण राहता कामा नये. हातावर काळी पूड लागत असेल, किंवा साच्याची कड बोटाने तुटून येत असेल, तर ते भंगार रबर पुन्हा दळून केलेले आहे, नको. पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते टिकाऊ असतात, पण कडक असतात, आणि पाट्याला थोडे पिळावेही लागते: एक चाक खड्ड्यात गेले की अॅक्सल तिरकी होते, तेव्हा पाटा डोळ्यात मुरगळतो. रबर ते सोसते, पॉली तो धक्का बॉडीत पाठवते. रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीला आमच्या मते रबरच बरे.

हत्यारे

जॅक एक, घोड्या (जॅक स्टँड) दोन, चाकांना लाकडी अडण्या. रिंग पाने आणि सॉकेट १७ व १९ मिमी तरी हवेतच, बाकी गाडीत जे निघेल ते. टॉर्क पाना, वाईस, हॅकसॉ, ६ मिमी ड्रिल, छिन्नी. बुश दाबायला प्रेस नसेल तर १२ मिमीचा ८.८ ग्रेडचा आट्यांचा रॉड, ३०० मिमी लांब, दोन नट, चार जाड वॉशर. हार्डवेअरच्या दुकानातला साधा रॉड मऊ असतो, दुसऱ्या बुशालाच त्याचे आटे सोलवटतात. सोबत पाइपचे दोन तुकडे: एक बाहेरच्या नळीच्या कडेवर बरोबर बसणारा, दुसरा त्या नळीपेक्षा २ मिमीने मोठ्या पोटाचा, म्हणजे जुना बुश त्यात उतरेल. लेथवाला दोन्ही अर्ध्या तासात करून देतो.

आदल्या दिवशी

सगळ्या नट-बोल्टांच्या आट्यांवर तारेचा ब्रश मारा आणि गंज सोडवणारे तेल टाका. संध्याकाळी एकदा, रात्री एकदा, सकाळी एकदा. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल निम्मे-निम्मे मिसळले तर तेही छान आत शिरते, मात्र आधी बाटली हलवावी लागते, कारण ते वेगळे होते. गॅसची ज्योत वापरायचा मोह आवरा. पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला आहे, ब्रेकचा पाइप अॅक्सलवरूनच जातो.

उतरवणे

गाडी सपाट, कडक जमिनीवर. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडण्या लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे ती चाके उचलली की त्याचा उपयोग शून्य.

मागची बाजू उचला आणि घोड्या बॉडीखाली, जॅक लावायच्या मजबूत जागी, पुढच्या हँगरच्या पुढे ठेवा. हँगरवरच घोडी ठेवू नका; तो बोल्ट काढायचा आहे. दोन्ही चाके काढा. आता जॅक अॅक्सलच्या नळीखाली, काम चाललेल्या बाजूला. डिफरन्शियलच्या पोटाखाली नको, तिथे एक बाजू वर-खाली करता येत नाही. आणि एका वेळी एकच बाजू सोडायची. दुसरी बाजू आवळलेली असली की अॅक्सल जागा सोडत नाही.

शॉकअपचे खालचे टोक सोडा, मागे अँटी-रोल बार (वळणावर झुकणे कमी करणारा दांडा) असेल तर त्याची त्या बाजूची जोडणीही सोडा. मग यू-बोल्टचे नट, चारही थोडे-थोडे, आळीपाळीने. खालची प्लेट आणि पाट्यावरची पॅकिंगची पट्टी कुठल्या बाजूने बसली आहे त्याचा फोटो काढा. जॅक वर-खाली करत अॅक्सल अशा उंचीवर आणा की पाटा मोकळा होईल. ब्रेकचा रबरी होज आणि हँडब्रेकची केबल सतत बघत राहा. अॅक्सल होजवर लटकली की होज आतून फाटतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि पेडल महिन्याभराने दगा देते.

शॅकलची पिन आणि पुढचा बोल्ट काढताना नियम एकच: बोल्ट बोटाने फिरेल इतका भार कमी होईपर्यंत पाट्याखाली आधार वर-खाली करत राहायचे. अडकलेला बोल्ट ठोकून काढला तर तो निघतो, पण पाटाही सोबत येतो. आधी शॅकल, मग पुढचा बोल्ट. पुढचा बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. नट सुटतो, बोल्ट फिरतो, पण निघत नाही. तेव्हा कान आणि नळी यांच्या फटीत हॅकसॉचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापणे हाच सरळ मार्ग. नवा बोल्ट आणलेलाच आहे.

जुना बुश काढणे

पाटा वाईसमध्ये धरा. ६ मिमी ड्रिलने रबरात गोलाकार जवळजवळ भोके पाडा, आतली नळी रबरासकट ढकलली जाते. उरते ती बाहेरची पातळ लोखंडी नळी. हॅकसॉचे पाते फ्रेममधून सोडवून डोळ्यातून आत घाला, पुन्हा फ्रेमला लावा, आणि आतून नळीला एक लांब चीर द्या. पाते नळीतून पलीकडे गेले की आवाज बदलतो. तिथेच थांबा. डोळ्याच्या आतल्या अंगाला खाच पडली तर पुढे पान त्याच जागी तडकते. चिरेत छिन्नी लावून नळी आत दुमडली की हाताने निघते.

रबर जाळून काढणे गॅरेजांत सर्रास चालते. धूर विषारी आहे हा एक भाग. दुसरा असा की पाट्याचे पोलाद पाणी दिलेले असते. डोळा लाल झाला की ते पाणी उतरते आणि डोळा हळूहळू उघडत जातो.

डोळा आतून बारीक पॉलिश पेपरने साफ करा. मग नवा बुश हाताने लावून पाहा. तो हातानेच आत सरकला तर डोळा उघडलेला आहे. बाहेरून वेल्डिंगचे टिपके देऊन तो 'घट्ट' करायचा सल्ला मिळेल. ऐकू नका, पोलादी पान वेल्डच्या शेजारी तुटते. पाटेवाल्याकडून डोळा नीट करून घ्या किंवा मुख्य पान बदला.

नवा बुश दाबणे

रॉडला एका टोकाला नट आणि वॉशर, मग बाहेरच्या नळीवर बसणारा पाइप, मग बुश, डोळा, दुसऱ्या बाजूला मोठा पाइप, वॉशर, नट. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावा. कोरडे आटे एकमेकांत चिकटतात. जोर फक्त बाहेरच्या नळीवर पडायला हवा. आतल्या नळीवर दाब दिला की रबर तिच्यापासून सुटते, आणि नवा बुश बसण्याआधीच जुना होतो. पहिले दोन-तीन मिलिमीटर तो सरळ जातो आहे ना हे चारी बाजूंनी बघा. तिरका गेला तर मागे घेऊन पुन्हा. डोळ्याच्या आत तेलाचा अगदी पातळ हात चालतो, कारण तिथे लोखंडावर लोखंड आहे. रबराला मात्र तेल लागू देऊ नका.

बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती बरेच जण सांगतात. हिशेब करून बघा: ३० मिमी व्यासाची पोलादी नळी ४८ अंशांनी थंड केली तर जेमतेम ०.०१७ मिमी आकसते. आपल्याला ०.२ मिमी जिंकायचे आहेत. फ्रीजर बर्फासाठी ठेवा.

शॅकलच्या दोन तुकड्यांच्या बुशांना प्रेस लागत नाही. साबणाचे पाणी लावून दोन्ही बाजूंनी एकेक तुकडा बसवा, पिन सरकवा. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीच लावायचे नाही. खनिज तेलाने रबर फुगते, मऊ पडते आणि कुजते. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला जळके ऑइल फवारायची पद्धत आपल्याकडे आहे. गंजाला त्याने थोडा आळा बसत असेल, पण या गाड्यांचे बुश अकाली जाण्याचे ते एक मोठे कारण आहे. पाट्यांच्या पानांमध्ये ग्राफाइट ग्रीस लावायला हरकत नाही, फक्त ते डोळ्यापर्यंत येऊ नये.

जोडणी

पाट्याचा पुढचा डोळा आधी हँगरमध्ये. बोल्ट घाला, नट हाताने लावा, आवळू नका. मग शॅकल, तेही हातानेच. आता जॅकने अॅक्सल पाट्यावर आणताना पाट्याची पाने एकत्र बांधणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके अॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसले आहे हे बोटाने चाचपा. ते भोकाच्या कडेवर चढले आणि तसेच यू-बोल्ट आवळले, तर अॅक्सल काही मिलिमीटर मागे-पुढे राहते आणि गाडी कुत्र्यासारखी तिरकी धावते. यू-बोल्ट आळीपाळीने, चारही सारख्या चढत्या जोराने आवळा. १० मिमीच्या ८.८ बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर, १२ मिमीला ८० च्या आसपास; गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल तर तोच खरा. फियाटच्या बोल्टांचे आटे अनेकदा बारीक पिचचे असतात, १० मिमीला १.२५. बाजारातला साधा १.५ चा नट दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे जोर लावला की आटे गेलेच.

दुसरी बाजू याच क्रमाने. मग चाके लावून गाडी जमिनीवर.

शेवटचे आवळणे, आणि सगळे बिघडते ते इथेच

सायलेंट ब्लॉकमध्ये काहीही घासून फिरत नाही. आतली नळी हँगरला घट्ट, बाहेरची पाट्याला घट्ट, आणि मधले रबर पिळले जाते. म्हणजे बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती त्या रबराची 'विश्रांतीची' स्थिती ठरते. मागची चाके लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरवताच रबर पिळून बसते आणि उभ्या गाडीतही दिवसरात्र तसेच राहते. वर खड्डा आला की आणखी पिळते. अशा बुशात काही महिन्यांत आडव्या चिरा पडतात आणि दोष दुकानदाराला जातो.

म्हणून गाडी रॅम्पवर किंवा पिटावर, चारही चाकांवर उभी करा. मागच्या सीटवर १०० किलो वजन ठेवा; सिमेंटच्या दोन गोण्या पुरतात, खाली चादर घाला. डिकीवर दाब देऊन गाडी चार-पाच वेळा हलवा, म्हणजे पाटे आपापल्या जागी बसतील. त्याच स्थितीत पुढच्या डोळ्याचे बोल्ट पूर्ण आवळा, मग शॅकल, मग शॉकअप. शॅकलच्या प्लेटा पिनेच्या खांद्याला टेकल्या की थांबा. रबर दोन्ही बाजूंना सारखे, थोडे फुगलेले दिसले पाहिजे; चिरडून बाहेर आलेले नको. शॅकलला पुढे-मागे दोन्हीकडे झुलायला जागा आहे ना तेही आत्ताच पाहा. उभ्या गाडीतच तो बॉडीला टेकत असेल तर पाटा बसलेला आहे किंवा शॅकल चुकीच्या मापाचे आहे.

पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून अॅक्सलच्या त्याच जागेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक ३ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर सेंटर बोल्टची बैठक पुन्हा तपासा. सुरुवातीला लिहून ठेवलेली उंचीही ताडून पाहा; नव्या बुशांनी गाडी थोडी वर येते, एकच बाजू आली तर कुठेतरी बोल्ट लटकत्या स्थितीत आवळला गेला आहे. सगळे बोल्ट सैल करा, गाडी हलवा, पुन्हा आवळा.

पहिले काही दिवस रबर किरकिरते. तेल सोडायला हात शिवशिवेल. सिलिकोनचा फवारा चालतो, दुसरे काही नाही. साबणाचे पाणी सुकले की किरकिर बहुधा आपोआप जाते. यू-बोल्टचे नट १०० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० नंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. पहिल्या खेपेला ते हमखास पाव फेरा जातात, कारण रंग आणि गंजाचा थर दबलेला असतो. दुसऱ्या खेपेलाही गेले तर यू-बोल्ट ताणले जात आहेत, ते बदला.